स्टॉल : इंजिन चालू, विमान बंद?

निशिगंधा

नमस्कार मंडळी,

विमानातलं कळणाऱ्या कुणाची तरी मदत हवी आहे. मी अनुवादाची कामं घेते. एरवी बँकेची परिपत्रकं, पाण्याच्या पंपांची माहितीपत्रकं असलंच काहीतरी असतं. या वेळी कधी नव्हे ते बरं पुस्तक हाती आलंय. कुमारवयीन मुलांसाठी आहे, विमान अपघात आणि त्यातून विमानं कशी सुधारत गेली यावर. विमानाशी माझा संबंध म्हणाल तर दोनदा प्रवास, आणि दोन्ही वेळा उतरताना डोळे गच्च मिटलेले.

प्रकरण आहे १ जून २००९ च्या अपघाताचं. रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिक महासागरात कोसळलं, २२८ माणसं गेली. त्यात एक वाक्य आहे की विमान सुमारे ३८,००० फुटांवर स्टॉल झालं आणि समुद्राला टेकेपर्यंत स्टॉलमध्येच राहिलं. लगेच पुढे म्हटलंय की दोन्ही इंजिनं शेवटपर्यंत चालू होती. मी आपलं सरळ लिहून टाकलं : 'दोन्ही इंजिने सुरू असूनही विमान ३८,००० फुटांवर बंद पडले.'

संपादकांकडून कागद परत आला. 'बंद पडले'भोवती तांबडा गोल आणि समासात त्यांच्या मुंगीसारख्या अक्षरात, 'सुरू की बंद? एकदा काय ते ठरवा.'

मग मी 'ठप्प झाले' करून पाहिलं, ते पालिकेच्या पाणीपुरवठ्यासारखं वाटायला लागलं. 'हवेत थांबले' लिहिलं, तर माझ्याच डोळ्यांपुढे आकाशात खिळा ठोकून टांगलेलं विमान आलं. 'गती हरवली' हे त्यातल्या त्यात बरं वाटलं, पण पुढच्या पानावर ते मिनिटाला दहा हजार फुटांहून जास्त वेगानं खाली येतंय, म्हणजे गती हरवली असंही नाही!

घरी विचारलं. नवरा म्हणाला, "क्लच झटकन सोडला की गाडी आचका देऊन बंद पडते ना, तेच." सासूबाई म्हणाल्या, "स्टॉल म्हणजे जत्रेतला. भेळेचा." दोघांचाही मुद्दा बिनतोड, पण माझं वाक्य तिथंच.

तर स्टॉल म्हणजे नक्की होतं तरी काय? इंजिनं चालू असताना विमान खाली का आलं? आणि तुम्ही विमानवाले लोक आपसात मराठीत बोलताना याला काय म्हणता?

बुलेटवाला

ताई, तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. फार उंचीवर हवा विरळ असते, इंजिनाला हवा कमी पडली की ते स्टॉल होतं. आमची बुलेट रोहतांगला अशीच आचके देत होती. 'इंजिने चालू होती' याचा अर्थ ती आधी चालू होती असा घ्यायचा असेल. 'इंजिन गुदमरले' असं लिहा, मुलांनाही कळेल.

पंखाखालचा

बुलेटभाऊ, राग मानू नका, पण ताईंनी हे छापलं तर तांबड्या शाईची अख्खी दौत सांडेल.

मी विदर्भातल्या एका फ्लाइंग क्लबात बरीच वर्षं पोरांना उडायला शिकवलं. आता गुडघे कुरकुरतात, त्यामुळे जमिनीवरच असतो आणि असले धागे दिसले की राहवत नाही. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट. स्टॉल इंजिनाचा नसतो, पंखाचा असतो. ग्लायडरला इंजिनच नसतं, तरी ते स्टॉल होतं. कागदाचं विमान नाक वर करून जोरात फेका. थोडं चढतं, क्षणभर अडखळतं आणि नाकावर आपटतं. तो स्टॉल. गच्चीवर आपण सगळ्यांनी शेकडो स्टॉल केलेत, फक्त नाव माहीत नव्हतं.

आता पंखाचं काय होतं ते. लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्या असतीलच. तळवा जमिनीला समांतर धरला की हात वाऱ्यात निवांत सरकतो. अंगठ्याकडची कड जराशी वर करा, हात आपोआप वर उचलला जातो. अजून वर करा, अजून उचलला जातो. आणि मग एका ठिकाणी गंमत होते. कड आणखी वर केलीत की उचलणं संपतं आणि वारा नुसता हाताला मागे ढकलायला लागतो. खांद्याला कळतं ते.

पंखाचं अगदी हेच. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातला जो कोन, त्यावर सगळा खेळ आहे. कोन वाढवत नेला की उचल वाढत जाते, कारण पंखाच्या पाठीवरून जाणारी हवा पाठीला चिकटून, वळण घेऊन खाली उतरते. पण साध्या पंखाला साधारण १५–१६ अंशांच्या पुढे नेलं की त्या हवेला ते वळण झेपत नाही. ती पंखाची पाठ सोडते आणि मागे नुसते भोवरे उरतात. उचल एकदम पडते, रोध, म्हणजे हवेचा मागे ओढणारा जोर, एकदम वाढतो. शून्य नाही होत उचल, हे लक्षात ठेवा. विमानाचं वजन पेलायला ती कमी पडते, एवढंच. पण तेवढं पुरतं.

म्हणून 'बंद पडले' चूक. काहीच बंद पडलेलं नसतं. इंजिन ढणढण चालू असतं, दिवे चालू, पंखे फिरताहेत, आणि पंखानं मात्र काम सोडलेलं असतं.

आता हे पोरांना कसं शिकवायचो ते सांगतो, म्हणजे शब्दही कानावर पडतील.

सेस्ना १५२ नावाचं दोन माणसांचं विमान. त्याच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक बारकं भोक असतं. त्याच्यामागे नळी, आणि नळीच्या टोकाला पत्ती, बाजाच्या पेटीत असते तशी. कोन वाढत स्टॉलच्या जवळ आला की त्या भोकापाशी हवेचा दाब इतका कमी होतो की नळीतून हवा बाहेर ओढली जाते आणि पत्ती वाजते. ना वायर, ना बॅटरी. उडण्याआधी विमानाला फेरी मारून तपासणी करताना हे तपासायचं कसं, माहितीये? भोकावर स्वच्छ रुमाल ठेवायचा आणि तोंडानं हवा ओढायची. आत पिपाणी वाजली की ठीक. नवीन पोरगं दर वेळी इकडेतिकडे बघून घ्यायचं, कुणी बघत तर नाही ना, विमानाला मुके देतोय म्हणून. एका पोरानं रुमाल विसरला म्हणून तसंच तोंड लावलं होतं, आदल्या रात्रीचा पाऊस आणि काय काय त्याच्या तोंडात आलं ते त्यालाच ठाऊक.

मग वर जायचं. काटोलच्या बाजूला, खाली संत्र्याच्या बागा, उंची भरपूर. आधी एक पूर्ण गिरकी घेऊन खाली–आजूबाजूला कुणी नाही ना बघायचं. कार्ब्युरेटर हीट चालू, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या वाटेत बर्फ धरू नये म्हणून गरम हवा. थ्रॉटल मागे, म्हणजे इंजिनाचा जोर कमी. आता विमान हळू व्हायला लागतं आणि उंची टिकवायची म्हणून पोरगं कंट्रोल व्हील हळूहळू पोटाकडे ओढत राहतं. नाक वर, समोर नुसतं आभाळ. वाऱ्याचा आवाज कमी कमी होत जातो, आणि नवख्याला सगळ्यात जास्त हीच शांतता खाते. कंट्रोल ढिले पडतात, खिरीत चमचा फिरवल्यासारखे. मग ती पिपाणी, आधी बारीक, मग रडक्या सुरात. सीटखालून थरथर, कारण पंखावरून सुटलेली हवा शेपटीवर आदळत असते. आणि मग नाक आपोआप खाली पडतं. पोटात गोळा येतो.

हे सगळं होतं सुमारे ४० नॉटला, म्हणजे ताशी पाऊणशे किलोमीटरच्या आसपास.

आता इथंच खरा धडा. विमान पडतंय म्हटल्यावर माणूस काय करेल? व्हील आणखी ओढेल. जिवाची भीती हातात उतरते आणि हात मागे ओढतो. करायचं असतं नेमकं उलटं. पुढे ढकल. नाक खाली जाऊ दे, कोन कमी होऊ दे, हवा पंखाला पुन्हा चिकटते, मग थ्रॉटल दे, मग हळूच वर घे. एक पंख आधी पडला तर व्हील फिरवून तो उचलायला जायचं नाही, रडरनं, म्हणजे पायांनी हलवायच्या शेपटीच्या उभ्या पातीनं आवरायचं. नाहीतर विमान गरगरायला लागतं. तो स्पिन, वेगळं प्रकरण.

मी शेजारी बसून एकच वाक्य म्हणायचो, "सोड, सोड, सोड." ओढलेलं सोड. दहातल्या नऊ पोरांचा हात पहिल्यांदा गोठतो. एक मुलगी होती, तिनं पहिल्याच खेपेला झटकन पुढे ढकललं. खाली आल्यावर विचारलं तर म्हणाली, "सर, पतंगाला ढील देतात तसंच वाटलं."

तुमच्या फ्रेंच विमानाचं उत्तर इथंच आहे. त्या रात्री वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये, पिटो ट्यूब म्हणतात त्यांना, बर्फाचे कण अडकले. वेगाचे आकडे जेमतेम मिनिटभर चुकले आणि ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप चालवणारी यंत्रणा, सुटला. तोवर विमान धडधाकट होतं. नुसतं जसं चाललंय तसं चालू दिलं असतं तरी निभावलं असतं. पण विमान ज्याच्या हातात होतं त्या वैमानिकानं स्टिक, म्हणजे तिथली कंट्रोल व्हीलच्या जागची दांडी, मागे ओढली, विमान चढलं, वेग घटला, कोन वाढला, स्टॉल. आणि मग शेवटपर्यंत बहुतेक वेळ स्टिक मागेच. पंखाचा हवेशी कोन पस्तीस अंशांच्याही पुढे गेला होता. नाक आभाळाकडे, इंजिनं पूर्ण जोरात, आणि विमान पाटासारखं खाली येतंय. स्टॉलपासून पाण्यापर्यंत साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर.

यातली एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही. स्टॉलचा इशारा वाजत होता. पण मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला की संगणक समजायचा, हे आकडे काही खरे नाहीत, आणि इशारा गप्प व्हायचा. म्हणजे काय झालं, तर स्टॉल अगदी खोल गेला की शांतता, आणि कुणी नाक जरा खाली केलं, बरोबर दिशेनं एक पाऊल टाकलं, की वेगाचा आकडा पुन्हा 'खरा' व्हायचा आणि इशारा परत बोंबलायला लागायचा. योग्य केलं की ओरडा, चूक केलं की शांत. अंधारात, ढगात, ढगाखाली महासागर. पुस्तकात ही गोष्ट नसेल तर ताई, संपादकांना सांगून घाला.

कामशेत_वारा

वरच्या प्रतिसादाला +१००. पंखाखालचे काका, तुमच्या पिपाणीवरून आठवलं.

मी कामशेतला पॅराग्लायडिंग करतो. आमच्याकडे स्टॉल रोजच्या बोलण्यातला शब्द. आमच्या पंखाला ना लाकूड ना पत्रा, नुसतं कापड आणि दोऱ्या. दोन्ही हातांत ब्रेकचे दोर असतात. ते ओढले की पंखाची मागची कड खाली वाकते, वेग कमी होतो, कोन वाढतो. उतरताना शेवटी हेच करतात, दोन्ही हात कमरेपर्यंत ओढायचे म्हणजे पाय अलगद टेकतात. पण हे जमिनीपासून हातभर उंचीवर. तेच तीस फुटांवर घाईनं केलंत तर अख्खा पंख डोक्यावरून मागे पडतो आणि तुम्ही गोणीसारखे खाली. माझा घोटा असाच गेला. दोन महिने प्लास्टरमध्ये, आणि आईनं तेवढे दोन महिने एकच वाक्य ऐकवलं, ते इथं लिहीत नाही.

आम्ही मराठीत बोलताना 'स्टॉल मारला', 'स्टॉल बसला' असं म्हणतो. मुद्दाम केला तर 'मारला', आपोआप झाला तर 'बसला'. घोटा मोडला तेव्हा बसला होता.

अवांतर : ताई, रंकाळ्यावर जाऊन बगळा उतरताना बघा. पाण्याच्या काठाशी येतो, अंग उभं करतो, पंख पसरून आडवे धरतो आणि पाठीवरची बारीक पिसं फिसकारल्यासारखी उभी राहतात. तो स्टॉल आहे. हवा पाठ सोडते ती त्या पिसांत दिसते. त्याला जिथं पाय टेकायचा तिथंच तो स्टॉल होतो. आमच्यापेक्षा लाखपटीनं चांगला पायलट.

निशिगंधा

बापरे. पंखाखालचे काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला. इशारा गप्प होण्याच्या भागाशी तो उठून पाणी प्यायला गेला.

दोन शंका. एक : तुम्ही सगळीकडे 'कोन' म्हणताय, पण ४० नॉट असा वेगही सांगितलात. मग स्टॉल वेग कमी झाल्यामुळे होतो की कोन वाढल्यामुळे? पुस्तकात दोन्ही आहे आणि मला आता दोन्ही खोटं वाटायला लागलंय.

दोन : पुढच्या प्रकरणात बोईंग ७३७ मॅक्सचे दोन अपघात आहेत, इंडोनेशियाचा आणि इथिओपियाचा. तिथं म्हटलंय की विमान स्टॉल होऊ नये म्हणून बसवलेल्या यंत्रणेनंच ते पाडलं. इथं अनुवाद करताना मला वाटलं मीच उलटं वाचतेय.

पंखाखालचा

नाही, बरोबर वाचलंत.

आधी पहिली शंका, कारण परीक्षेत निम्मी पोरं इथंच गळायची. कारण कोन. वेग हा त्याचा निरोप्या. सरळ उडत असताना वेग कमी झाला की तेवढीच उचल मिळवायला कोन वाढवावा लागतो, म्हणून अमुक वजनाला, सरळ उड्डाणात, अमुक वेगाला स्टॉल येतो. तो आकडा पाठ करायला सोपा. पण वळण घ्या. विमान ६० अंश कलंडवून उंची न सोडता वळलात तर पंखाला दुप्पट भार पेलावा लागतो, आणि ४० नॉटला येणारा स्टॉल ५६–५७ नॉटलाच येऊन उभा राहतो. वेग भरपूर आहे म्हणून बिनधास्त असलेला माणूस असा सापडतो. धावपट्टीसमोर येताना शेवटचं वळण चुकलं म्हणून कुणी जोरात ओढून घेतो, खाली उंची नसते, सावरायला जागा नसते. छोट्या विमानांचे कितीतरी जीव त्या एका वळणावर गेलेत. डाइव्हमधून, म्हणजे नाक खाली करून सूर मारताना, झटकन वर ओढलंत तर त्याहून जास्त वेगालाही स्टॉल येतो. कुठल्याही वेगाला येतो, नाक कुठल्याही दिशेला असताना येतो. कोन ओलांडला की आला.

तेव्हा मुलांच्या पुस्तकात 'वेग कमी झाल्यामुळे' लिहिलं असेल तर 'वेग कमी झाल्यावर पंखाचा कोन वाढवावा लागला आणि…' असं करा. चार शब्द वाढतील, खोटं निघून जाईल.

आता मॅक्स. त्याच्या नाकाशी बाहेरच्या अंगाला वातकुक्कुटासारखी एक छोटी पाती असते, ती हा कोन मोजते. अशा पात्या दोन, डावी आणि उजवी. त्या विमानात मोठी इंजिनं पुढे सरकवून बसवली, त्यामुळे काही वेळा नाक जरा जास्त वर उचलायला बघायचं. म्हणून संगणकात एक सोय घातली, कोन फार वाढलेला दिसला की शेपटीचा आडवा पंख फिरवून नाक खाली करायचं. एमकॅस तिचं नाव. पण ती एका वेळी एकाच पातीचं ऐकायची. लायन एअरच्या विमानात, २९ ऑक्टोबर २०१८, त्या पातीनं खोटा कोन सांगितला. पंख मजेत काम करत होता, पण संगणकाला 'दिसला' स्टॉल. त्यानं नाक खाली दाबलं. वैमानिकांनी वर घेतलं, त्यानं पुन्हा दाबलं. १८९ जण गेले. १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानात पुन्हा तेच, १५७.

दोन्ही प्रकरणं शेजारी शेजारी ठेवलीत हे लेखकानं चांगलं केलं. एकीकडे खराखुरा स्टॉल आणि माणसाचा विश्वास बसला नाही. दुसरीकडे नसलेला स्टॉल आणि यंत्राचा विश्वास बसला.

आणि बुलेटभाऊंना थोडा न्याय द्यायला हवा, मी जरा जोरात बोललो. जेट इंजिनातही स्टॉल असतो, कॉम्प्रेसर स्टॉल. इंजिनाच्या पुढच्या भागात चकत्यांवर शेकडो पाती फिरत असतात, हवा दाबत दाबत आत नेणारी. ती प्रत्येक पाती म्हणजे एक बारका पंखच. येणारी हवा वाकडी झाली, पक्षी आत गेला किंवा आणखी काही बिनसलं, की त्या पातीवरची हवा सुटते, हुबेहूब मोठ्या पंखासारखी. मग आत दाबलेली हवा उलटी फिरते, तोफेसारखा बार होतो, कधी मागून ज्वाळा दिसते. प्रवासी राम राम म्हणायला लागतात. म्हणजे इंजिनाचा स्टॉलही शेवटी पंखाचाच. फक्त बुलेटमध्ये जो होतो तो नव्हे, तिथं आपलं साधं इंजिन बंद पडतं.

बुलेटवाला

काका, न्याय पोचला. रोहतांगच्या आचक्यांना मी इथून पुढे कॉम्प्रेसर स्टॉलच म्हणणार आहे, बायकोपुढे बरं दिसतं.

तबेला

विमानातलं ओ की ठो कळत नाही, पण शब्दांचा नाद आहे, म्हणून दोन ओळी. ताईंच्या सासूबाईंनी सांगितलेला भेळेचा स्टॉल आणि हा स्टॉल इंग्रजीत लांबचे नातेवाईक आहेत. मुळात 'उभं राहायची जागा', त्यातून तबेल्यातली एकेका घोड्याची जागा, आणि त्यातूनच जागच्या जागी अडकून पडणं. आपल्याकडे घोड्याच्या त्या जागेला ठाण म्हणतात. तिथं बांधून ठेवलेला घोडा ठाणबंद. म्हणजे अगदी मुळाबरहुकूम अनुवाद करायचा तर 'विमान ठाणबंद झाले'.

लिहू नका. फक्त सांगितलं.

बालाघाटी

सगळं वाचलं, झकास धागा. पण 'उचल' या शब्दावर माझी हरकत नोंदवून ठेवा. मी बीडकडचा. आमच्याकडे उचल म्हणजे ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे. 'पंखाची उचल कमी पडली' हे आमच्या गावच्या शाळेत वाचलं तर अर्धा वर्ग म्हणेल, मग मुकादमाशी भांडायचं ना! 😄

थट्टा सोडा, शब्द चांगला आहे. 'उत्थापक बल' वगैरेपेक्षा शंभर पटीनं. पण पहिल्यांदा येईल तिथं 'विमानाला वर उचलून धरणारा जोर, म्हणजे उचल' असं एकदा सांगून टाका, मग पुढे खुशाल वापरा.

पंखाखालचा

बालाघाटी, हे लक्षात नव्हतं आलं. मुद्दा मान्य.

ताईंचा तिसरा प्रश्न राहिलाच. आम्ही आपसात 'स्टॉल'च म्हणतो, दुसरा शब्द कुणाच्या तोंडी मी ऐकला नाही. सरावात 'दोन स्टॉल केले', न कळत झालं तर 'स्टॉलमध्ये गेलं', सावरलं की 'स्टॉलमधून काढलं'. 'स्टॉल झालं' पण चालतं. तुम्ही 'स्टॉल' हाच शब्द ठेवा असं माझं मत. मुलं पुढे कुठंही गेली तरी तोच ऐकणार आहेत. पण वाक्याचा कर्ता बदला. 'विमान' कर्ता केलंत की मराठीत ते बंद पडतं, थांबतं, ठप्प होतं, सगळं चुकतं. पंख कर्ता करा. 'पंखाने उचल सोडली', 'पंखाचा हवेशी सांधा सुटला', तुमच्या हातून काय निघेल ते. पंख म्हटलं की इंजिनाचा प्रश्नच उरत नाही.

निशिगंधा

धागा वर काढतेय. हिशेब द्यायचा राहिला होता.

शनिवारी गारगोटीला मावशीकडे गेले होते, एसटीनं. खिडकीची जागा मिळाली, मागेपुढे वाहन नाही असं बघून हात बाहेर काढला. तळवा आडवा धरला. कड थोडी वर केली, हात वर. अजून वर केली, अजून वर. आणि मग खरंच ते झालं हो काका! एका क्षणी उचलणं गेलं आणि तळव्यावर नुसती थाप बसली, कोपर मागे. परत खाली आणला, परत वर नेला, प्रत्येक वेळी जवळजवळ त्याच ठिकाणी. चौथ्या वेळेला मागून आवाज आला, "ओ ताई, शिकलेल्या दिसताय, हात आत घ्या." घेतला. शेजारच्या आजींनी माझ्याकडे पाहून पिशवी दुसऱ्या मांडीवर ठेवली.

बगळाही बघून आले. पिसांचं खरं आहे.

काल हे पाठवलं :

'विमानाचे नाक इतके वर गेले की पंखांवरून वाहणारी हवा पंखांना सोडून गेली. पंखांची उचल, म्हणजे विमानाला वर धरून ठेवणारा जोर, एकाएकी घटली. यालाच स्टॉल म्हणतात. दोन्ही इंजिने पूर्ण ताकदीने चालू होती. पण पंखांनी उचल सोडली होती आणि ती परत मिळवण्यासाठी नाक खाली करणे भाग होते. तसे झाले नाही.'

इशारा गप्प होण्याचा भागही घातलाय, वेगळ्या चौकटीत. बालाघाटी, 'म्हणजे' तुमच्यासाठी.

संपादकांना दोनदा फोन केला. अजून उचललेला नाही.